माळरानावर घोड्याचे खच्चीकरण : नव्या पशुवैद्यकांसाठी पूर्वतयारी

दिवाळीच्या सुमारास भरणारा अकलूजचा घोडेबाजार आटोपला की माळशिरस, सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा अशा सगळ्या तालुक्यांतून फोन सुरू होतात. मजकूर बहुधा एकच असतो : बाजारातून दोन वर्षांचा घोडा आणला आहे, वरातीला लावायचा आहे, पण घोडी दिसली की हाताला आवरत नाही, तेव्हा उद्या येऊन खच्ची करून जा. नव्याने या कामात पडलेल्या पशुवैद्यकाने या फोनवर ‘उद्या येतो’ असे म्हणू नये. शस्त्रक्रिया वीस मिनिटांची असली तरी ती दवाखान्यापासून दूर, उघड्यावर, मिळतील त्या माणसांच्या मदतीने करायची असते. विसरलेली वस्तू आणायला मोटारसायकलवर माणूस पाठवला तर तो परत येईपर्यंत घोडा शुद्धीवर आलेला असतो. म्हणून हा लेख कापण्याविषयी कमी आणि कापण्याआधीच्या दिवसांविषयी जास्त आहे. घोडामालकांनीही तो वाचावा, कारण यातली निम्मी कामे त्यांचीच आहेत.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करावा लागतो. बैल बडवून घेण्याची सवय असलेल्या घरात ‘चिमटा लावला की झाले’ अशी समजूत असते. बैलाचा वृषणकोश लोंबता असतो, त्यामुळे बर्डिझोच्या चिमट्याने कातडी न कापता आतली शीर चेपता येते. घोड्याचे वृषण मांड्यांच्या मध्ये वर, जवळजवळ आडवे बसलेले असतात आणि त्यांची रज्जू, म्हणजे पोटातून वृषणाकडे येणारी रक्तवाहिन्यांची दोरी, जाड असते. तिथे चिमट्याचा भरवसा नाही. घोड्याचे खच्चीकरण ही खरीखुरी शस्त्रक्रिया आहे, तिला भूल लागते, आणि 1984 च्या भारतीय पशुवैद्यकीय परिषद अधिनियमानुसार ती नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायची असते. गावातला जाणता माणूस कितीही सफाईदार असला तरी हे काम त्याचे नव्हे.

फोनवरच विचारायचे

घोडा कधी आणला आणि कसा आणला, हा पहिला प्रश्न. बाजारात चार-पाच दिवस शेकडो जनावरांच्या सहवासात राहून, टेंपोत मान बांधलेल्या अवस्थेत रात्रभर प्रवास करून आलेल्या घोड्याच्या छातीत संसर्ग दबा धरून असू शकतो, आणि तो बाहेर पडायला काही दिवस लागतात. असा घोडा निदान दोन आठवडे वेगळा बांधावा, रोज सकाळी त्याचे तापमान घ्यायला सांगावे आणि नाक, खोकला, जबड्याखालच्या गाठी यांवर लक्ष ठेवावे. नाकातून चिकट पिवळा स्राव आणि अंगावर गाठी किंवा व्रण दिसले, तर ग्लँडर्सची शंका घेऊन घोड्याला हात लावण्यापूर्वी शासकीय पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावे. हा रोग माणसालाही होतो आणि त्याची माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे. ताप येऊन-जाऊन असेल, घोडा खंगत असेल, पोटाखाली सूज असेल, तर सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा रोग, डोक्यात ठेवून रक्त तपासावे. रक्त कमी असलेल्या घोड्याचे खच्चीकरण पुढे ढकलल्याने कोणाचेही नुकसान होत नाही.

दुसरा प्रश्न धनुर्वाताच्या लसीचा. घोडा हा धनुर्वाताला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या प्राण्यांपैकी आहे, आणि या शस्त्रक्रियेत आपण लीद-मातीच्या शेजारी एक उघडी जखम मुद्दाम ठेवून येतो. आपल्याकडच्या बहुतेक घोड्यांना ही लस कधीच टोचलेली नसते. टॉक्सॉइडचे, म्हणजे याच लसीचे, दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने द्यावेत, त्यानंतर शस्त्रक्रिया करावी आणि पुढे दरवर्षी एक डोस द्यावा, हा सरळ मार्ग आहे. मालक तेवढे थांबायला तयार नसेल, तर शस्त्रक्रियेच्या दिवशी 1500 युनिट अँटिटॉक्सिन, म्हणजे तयार प्रतिविष, आणि मानेच्या दुसऱ्या बाजूला टॉक्सॉइडचा पहिला डोस द्यावा. मी मात्र शक्य तिथे थांबवतोच. चार आठवडे हा काही फार मोठा काळ नाही, आणि लग्नसराईची घाई ही मालकाची अडचण आहे, घोड्याची नव्हे.

वयाविषयीही विचारावे लागते. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे वय सोयीचे. त्यापुढे रक्तवाहिन्या मोठ्या होतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय पाच-सहा वर्षे माद्यांमागे धावलेल्या नराची खोड खच्ची केल्यावरही पूर्ण जाईलच असे नाही, हे आधी सांगितलेले बरे. आणि एक प्रश्न मी नेहमी विचारतो, जो खरे तर माझ्या कामाचा नाही : हा घोडा खच्ची करायलाच हवा का? भीमेच्या खोऱ्यातला अस्सल भीमथडी घोडा आता थोडाच उरला आहे. अशा बांध्याचा, शांत स्वभावाचा नर समोर आला तर मी पैदाशीसाठी ठेवण्याचा आग्रह धरतो. ऐकतात की नाही, हा वेगळा भाग.

पहिली भेट : हात लावून खात्री

फोनवरची माहिती कितीही चांगली असली तरी शस्त्रक्रियेआधी एकदा घोडा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय दिवस ठरवू नये. तापमान साधारण 99 ते 101 अंश फॅरनहाइट, नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, हिरड्या ओलसर आणि फिकट गुलाबी, हृदयाचे ठोके स्वच्छ : एवढे पाहून मग मूळ गोष्टीकडे वळावे, ती म्हणजे दोन्ही वृषण खाली उतरले आहेत का.

हे पाहताना घाई होते. घोडा बिथरलेला असेल तर स्नायूंच्या ओढीने वृषण वर खेचले जातात, आणि मालक खात्रीने सांगतो की काल धुताना दोन्ही हाताला लागले होते. त्याच्या शब्दावर जाऊ नये. खांद्याला खांदा लावून उभे राहावे, डावा हात पाठीवर ठेवावा आणि उजवा हात पोटावरून सरकवत मागे न्यावा. घोडा उडालाच तर आपण त्याच्या अंगाबरोबर ढकलले जातो, लाथेच्या टप्प्यात येत नाही. दोन्ही गोलक बोटांत स्वतंत्रपणे फिरवून पाहावेत. एकच लागत असेल तर थोडे गुंगीचे औषध देऊन स्नायू सैल झाल्यावर पुन्हा पाहावे. तरीही एकच लागला, तर तो घोडा माळावर आडवा करायचा नाही. त्याला शिरवळ, उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावे. ‘निदान खालचा तरी काढून द्या’ असा आग्रह होईल. तो कधीही मानू नये. बाहेरून आख्ता, म्हणजे खच्ची केलेला, दिसणारा, पण पोटात एक वृषण शिल्लक असलेला घोडा पुढच्या खरेदीदाराच्या गळ्यात पडतो.

वृषणकोशात आतडे उतरल्याची शंका आली, किंवा लहानपणी तिथे फुगवटा होता असे मालकाने सांगितले, तरी हाच नियम लागू.

याच भेटीत वजन काढून ठेवावे. वजनाचा डोळ्यांनी केलेला अंदाज सहज पन्नास-साठ किलोंनी चुकतो, आणि भुलेचे सगळे गणित त्यावर उभे असते. शिंप्याकडची टेप पुरते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा, त्याला त्याच आकड्याने गुणावे, पुन्हा खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि 11,880 ने भागावे. घेर 150 आणि लांबी 145 असेल तर वजन सुमारे 275 किलो येते. हा आकडा वहीत लिहून त्याच रात्री औषधांचे मिलीलिटर काढून ठेवावेत. घोड्याशेजारी उभे राहून मोबाइलवर गुणाकार करू नये.

दिवस, वेळ आणि जागा

सोलापूर जिल्ह्यात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने चांगले. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, आणि पाऊस आपल्याकडे मुख्यतः परतीचा, सप्टेंबरच्या आसपासचा, म्हणजे चिखल आणि माश्या एकदमच येतात. खच्चीकरणाची जखम शिवत नाहीत, निचऱ्यासाठी उघडी ठेवतात, त्यामुळे माशी बसली की किडे पडायला वेळ लागत नाही. वेळ सकाळचीच असावी. थंडीत आठ-नऊ वाजता सुरू केले तर रक्तस्राव किंवा आतडे बाहेर येणे यांसारखे गंभीर प्रकार झालेच तर ते उजेडी कळतात आणि धावपळीला दिवस उरतो.

जागेच्या निवडीत मी स्वतः चुकलो आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीअखेर, मंगळवेढ्याच्या बाजूला एका घोड्याचे खच्चीकरण होते. मालक म्हणाले, ज्वारी नुकतीच काढली आहे, रान सपाट आहे, भुसभुशीत आहे, तिथेच करू. ताडपत्री अंथरली, काम व्यवस्थित झाले. शुद्धीवर येताना घोडा दोनदा धडपडला, ताडपत्रीच्या बाहेर गेला आणि मागच्या बाजूने खाली बसला. ज्वारीचे तिरपे कापलेले धसकट, वाळून भाल्यासारखे झालेले, मांडीच्या आतल्या बाजूला तीन बोटे खोल शिरले. खच्चीकरणाची जखम तीन आठवड्यांत भरली. मांडीतला पू मात्र दीड महिना वाहत होता. दोष मालकांचा नव्हता. मी त्या रानातून चार पावले चाललो असतो तरी ते धसकट माझ्या बुटाला लागले असते.

तेव्हापासून जागा मी आदल्या दिवशी पायांनी पाहतो. हवी ती जागा अशी : सपाट, कोरडी, दगड-धसकट नसलेली, सगळ्या बाजूंनी निदान वीस-पंचवीस पावले मोकळी. हिरवळ मिळाली तर उत्तम, पण ती आपल्याकडे कोणाच्या फार्महाउसवरच असते. नाहीतर झाडून घेतलेली मुरमाड जमीन आणि तिच्यावर जाड ताडपत्री चालते. काळ्या रानातल्या भेगांत घोड्याचा पाय अडकतो. उकिरडा आणि गोठा वाऱ्याच्या दिशेला नसावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जवळपास कठडा नसलेली विहीर, शेततळे, कालवा किंवा काटेरी तार नको. भुलेतून उठणारा घोडा कुठे जाईल हे कोणाच्याच हातात नसते. मोबाइलला तिथे रेंज आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

आदली रात्र

घोडा आदल्या दिवशी दुपारी धुवावा : पोट, मांड्या, शिस्नावरण आणि खूर. रात्रीपर्यंत तो पूर्ण कोरडा झाला पाहिजे. रात्रीची चंदी बंद. कडबा उशिरापर्यंत दिला तरी चालतो, पण पहाटेपासून तोंडाला मुसके बांधावे, नाहीतर भुकेलेला घोडा गव्हाणीतले उरलेसुरले चघळत बसतो. पाणी मात्र तोडू नये. संमतिपत्र मराठीत लिहून, रक्तस्राव, सूज, आतडे बाहेर येणे आणि भुलेतला मृत्यू हे चारही शब्द त्यात स्पष्ट वापरून, मालकाकडून वाचून घ्यावे आणि मगच सही घ्यावी.

माणसे तीनच हवीत, पण ती ठरलेली हवीत. एक डोक्याशी, तो शक्यतो घोड्याचा रोजचा मोतद्दार. दुसरा मागच्या पायाच्या दोरीला, अंगाने दणकट. तिसरा हाताखाली वस्तू द्यायला. बाकी गाव जमतेच. त्यांना ताडपत्रीच्या एकाच बाजूला, लांब बसवावे, आणि बँडचा सराव, ट्रॅक्टर व कुत्री तेवढा वेळ बंद ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या काकांवर सोपवावी. हा उपाय हमखास लागू पडतो.

पेटीतली मुख्य वस्तू

इमॅस्क्युलेटर हे या पेटीतले सर्वांत महत्त्वाचे हत्यार, आणि नव्या माणसाच्या हातून सर्वांत मोठी चूकही त्याच्याबाबतच होते. त्याला एका बाजूला रज्जू चिरडणारा रुंद जबडा आणि दुसऱ्या बाजूला कापणारे पाते असते. पाते वृषणाच्या बाजूला आणि चिरडणारा जबडा पोटाच्या बाजूला राहिला, तर पोटात परत जाणारे टोक चेपलेले असते आणि रक्त थांबते. हत्यार उलटे लावले, तर चेपलेला भाग वृषणाबरोबर बाहेर येतो आणि कापलेली मोकळी धमनी पोटाकडे सरकते. म्हणून पशुवैद्यकांमध्ये ‘नट टू नट’ असा मंत्र आहे : हत्याराच्या सांध्यावरचा पंखाचा नट वृषणाकडे. धुण्यासाठी सुटे केलेले हत्यार कोणी उलटे जोडले असेल तर मंत्रही फसतो. त्यामुळे आदल्या रात्री ते स्वतः जोडावे, उजेडासमोर मिटून जबड्यांत फट दिसते का ते पाहावे, वर्तमानपत्राची पट्टी जबड्यात तीन ठिकाणी धरून ओढावी आणि ती कुठेही सुटत नाही याची खात्री करून मग निर्जंतुक करायला ठेवावे. पट्टी सुटली तर हत्यार दुरुस्तीला जाते आणि दिवस पुढे जातो.

त्याखेरीज दोन पाती, लांब चिमटे, शोषला जाणारा जाड धागा, निर्जंतुक गॉजचा मोठा गठ्ठा, सलाईनच्या बाटल्या, हातमोज्यांचे चार जोड आणि मऊ जाड दोर एवढे लागतेच. शिवाय दोन-तीन सोलापुरी टॉवेल, धुऊन उन्हात वाळवलेले : एक डोळ्यांवर, एक डोक्याखाली, आणि एक निर्जंतुक करून वेगळा बांधलेला. हा तिसरा आतड्यासाठी. आतडे बाहेर आलेच तर सलाईनमध्ये भिजवलेल्या या टॉवेलची झोळी करून ते वर धरायचे असते आणि त्याच अवस्थेत मोठ्या दवाखान्याची वाट धरायची असते. मला तो अजून उघडावा लागलेला नाही, पण पेटीत तो नेहमी असतो.

औषधांत गुंगीसाठी झायलाझिन किलोला 1.1 मिलिग्रॅम आणि भुलेसाठी केटामाइन 2.2 मिलिग्रॅम, दोन्ही शिरेतून. वरच्या 275 किलोच्या घोड्याला सुमारे 300 मिलिग्रॅम झायलाझिन आणि 600 मिलिग्रॅम केटामाइन. इथे बाटलीवरचे लेबल मोठ्याने वाचावे, कारण झायलाझिन 20 आणि 100 मिलिग्रॅम प्रति मिली अशा दोन्ही तीव्रतेत मिळते. एकात 15 मिली होतात, दुसऱ्यात 3. केटामाइन अनुसूची ‘एक्स’मधले, म्हणजे कडक नियंत्रणाखालचे, औषध आहे, त्याचा हिशेब मिलीपर्यंत ठेवावा. दोन्हींचा निम्मा जादा डोस वेगळ्या सिरिंजमध्ये, नाव लिहून, तयार ठेवावा. डायझेपाम असेल तर स्नायू चांगले सैल पडतात. न कापलेल्या नराला एसीप्रोमाझिन देणे मी टाळतो, कारण शिस्न बाहेर राहून आत न जाण्याचा धोका असतो. वेदनेसाठी फ्लुनिक्सिन किलोला 1.1 मिलिग्रॅम आधीच द्यावे. प्रोकेन पेनिसिलिन स्नायूतच द्यावे, शिरेत चुकूनही नाही.

उभ्या घोड्याचे खच्चीकरणही करतात. नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडचा घोडा बुटका असतो, त्याच्याखाली वाकून काम करताना आपले डोके नेमके खुराच्या रेषेत येते. गाढव आणि खेचर यांचा या लेखात समावेश केलेला नाही; त्यांत रक्तस्राव जास्त होतो, रज्जू बांधावीच लागते, आणि केटामाइनचा अंमलही लवकर उतरतो.

सकाळ

मानेच्या शिरेत 14 गेजचा कॅथेटर, म्हणजे शिरेत ठेवायची नळी, घालून टाके घालून बसवावा. सुईने टोचताना ती शेजारच्या धमनीत गेली तर घोडा जागीच झटके देत कोसळतो. झायलाझिन दिल्यावर पाच मिनिटे शांत थांबावे. डोके गुडघ्यांपर्यंत खाली आले, खालचा ओठ लोंबला, पाय फाकले, की मगच केटामाइन. गुंगी पुरेशी नसेल तर केटामाइन अजिबात देऊ नये, झायलाझिनच वाढवावे. अर्धवट गुंगीतल्या घोड्याला केटामाइन दिले तर तो झोपत नाही, पिसाळतो. साधारण मिनिट-दीड मिनिटात घोडा बसतो. डोक्याशी असलेल्या माणसाने त्याला ओढायचे नाही, फक्त डोके आपटू द्यायचे नाही.

उजव्या हाताच्या डॉक्टरसाठी घोडा डाव्या कुशीवर बरा. मोरखी काढून टाकावी, तिच्या कडीने गालावरची नस दबते. वरच्या मागच्या पायाला खुराच्या वर मऊ फास टाकून तो पुढे खेचावा आणि मानेभोवतीच्या न सरकणाऱ्या गाठीत अडकवून माणसाच्या हातात द्यावा. धुऊन झाल्यावर प्रत्येक वृषणात जागा बधिर करणारे लिग्नोकेन 10 मिली द्यावे. त्यामुळे भूल सौम्य असूनही घोडा हलत नाही. आता हातात पंधरा-वीस मिनिटे आहेत. रज्जू ताणून न धरता इमॅस्क्युलेटर लावावा आणि मनगटावरच्या घड्याळात पाहून पूर्ण दोन मिनिटे धरावा. मनातल्या मनात मोजलेली दोन मिनिटे चाळीस सेकंदांची असतात. काढलेले दोन्ही वृषण ताटलीत मांडून मालकांना दाखवावेत आणि नंतर कुत्र्यांना उकरता येणार नाही अशा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत.

घोडा आपला आपण उठेपर्यंत डोळे झाकलेले आणि आवाज बंद. त्याला ओरडून, शेपटी पिळून उठवू नये. उठल्यावर थेंब मोजावेत : मोजता येतील एवढे थेंब काही वेळ पडणे चालते, मोजता न येणारी धार पंधरा मिनिटांनंतरही थांबली नाही, तर ती थांबत नसते. तेव्हा पुन्हा आडवे करून रज्जू शोधून बांधायची, हे मनाशी आधीच ठरलेले असावे. निदान दोन तास तिथून हलू नये. याच वेळात हमखास विचारणा होते, “डाक्टरसाहेब, टाकं घाला की दोन-चार, असंच उघडं सोडता व्हय?” तेव्हा न कंटाळता समजवावे की आतले पाणी बाहेर यायला ती वाट ठेवली आहे, आणि वाट बंद झाली की सूज वर चढते.

मालकाच्या हाती कागदावर लिहून द्यायचे ते एवढेच. पहिले चोवीस तास घोडा स्वच्छ जागी बांधून ठेवणे आणि दर दोन-तीन तासांनी जखमेकडे पाहणे. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे दुडक्या चालीने फिरवणे. तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत सूज वाढेल, घाबरू नये. पण ताप, चंदी सोडणे, ताठलेले पाय, किंवा जखमेतून लोंबणारे काहीही दिसले तर लगेच फोन करणे. दोन महिने माद्यांपासून दूर ठेवणे, कारण सुरुवातीचे काही आठवडे त्याच्याकडून गर्भधारणा होऊ शकते.

यातले फिरवण्याचे काम हमखास बुडते. एवढे कापले आहे तर बिचाऱ्याला विश्रांती द्यावी असे घरातल्या सगळ्यांना मनापासून वाटते. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी आपणच फोन करून घोडा फिरवला का ते विचारावे, आणि ‘आराम करतोय’ असे उत्तर आले तर गाडी काढून जावे.